ध्वनिमुद्रिकेत उरलेली वास्तू

ध्वनिमुद्रिकेत गायकाचा कंठ साठविलेला असतो, असे आपण सहज म्हणतो. परंतु ज्या वास्तूत तो कंठ उमटला तिचाही अंश तीत असू शकतो, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. या दृष्टीने लंडनमधील एका ध्वनिमुद्रणाचा इतिहास आम्हांस विशेष उद्बोधक वाटतो.

प्रारंभीच्या काळात असे काही साधणे कठीणच होते. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्यास आला, तेव्हा गौहरजानला हॉटेलातील एका खोलीत कर्ण्याच्या तोंडाशी गावे लागले. केवळ आवाजाच्या जोराने मेणाच्या तबकडीवर रेघ उमटत असे. कर्ण्यात जेवढे शिरेल तेवढेच उतरे. भिंतींचा व छताचा निनाद बहुतांशी बाहेरच राही. १९२५ साली विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि मायक्रोफोन आला. तेव्हापासून, जेथे गाणे शोभते तेथेच यंत्र नेणे शक्य झाले.

१९२७ साली 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीने आपली ध्वनिमुद्रणाची गाडी लंडनच्या टेंपल चर्चपाशी नेली. हे चर्च इनर टेंपल व मिडल टेंपल या बॅरिस्टरांच्या दोन संस्थांचे. गांधीजी १८९१ साली यांपैकी इनर टेंपलमधूनच बॅरिस्टर झाले. चर्चच्या वर्तुळाकार भागाची प्रतिष्ठापना ११८५ सालची. तेथे जॉर्ज थॅल्बेन-बॉल याच्या ऑर्गनच्या साथीवर अर्नेस्ट लफ या पंधरा वर्षांच्या मुलाने मेंडेल्सोनची प्रार्थना गायिली. तबकडीला मागणी इतकी आली की, मूळ साचा झिजला आणि १९२८ साली तीच रचना पुन्हा मुद्रित करावी लागली.

मुलाचा कंठ निर्मळ होता, हे खरेच. पण पाषाणाच्या त्या उंच कमानींखाली स्वर थांबल्यावरही त्याचा निनाद क्षणभर रेंगाळतो. हा गुण त्या स्थळाचा. जागेचे आकारमान जितके मोठे आणि आवाज शोषणारे कापड, लाकूड व माणसे जितकी कमी, तितका निनाद लांबतो. हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ पासून केलेल्या प्रयोगांनी हा नियम सिद्ध केला.

१० मे १९४१ च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात त्या चर्चचे छत व जुना ऑर्गन जळून गेला. पुढे जीर्णोद्धार झाला, दुसरा ऑर्गन आला. परंतु आगीपूर्वीचे चर्च कसे घुमत होते, याची साक्ष ती तबकडी आजही देते.

आता आपल्याकडे पाहू. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे गोव्यातील कुर्डी गाव साळावली धरणाच्या जलाशयात गेले. तेथील प्राचीन महादेव मंदिराचे दगड उतरवून ते अन्यत्र पुन्हा उभारण्यात आले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते आणि विस्थापित ग्रामस्थ तेथे उत्सवाला जमतात. दगड हलविता येतात, देवही नव्या स्थानी प्रतिष्ठित होतो. जुन्या स्थळाचा निनाद मात्र वेळीच टिपला नाही तर कायमचा जातो.

धरण वा बाँब हेच काही त्याचे निमित्त नव्हे. लाकडी खांबांच्या आणि उतरत्या कौलांच्या सभामंडपाच्या जागी स्लॅब आला, भिंतींना गुळगुळीत फरशी लागली, की त्याच बुवांचे तेच भजन निराळे ऐकू येते. जीर्णोद्धारास आमचा विरोध नाही. गळके छप्पर कोणी जपून ठेवावे, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र जुना मंडप उतरविण्यापूर्वी मंदिर समितीने एक दिवस ध्वनिवर्धक बंद ठेवावा, नेहमीच्या जागी कीर्तनकारास उभे करावे, श्रोत्यांत एक मायक्रोफोन ठेवून कीर्तन मुद्रित करावे आणि तारीख, स्थळ व गाणाऱ्यांची नावे दप्तरी नोंदवावीत. देवळाच्या जमिनीचे कागद आपण पिढ्यानुपिढ्या सांभाळतो. त्याच दप्तरात देवळाच्या आवाजाचाही एक दस्तऐवज असावा, एवढेच आमचे मागणे आहे.