आडरानातला सोबती : रूझवेल्टची पहिली बायसन-शिकार

शिकार म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बहुधा हाक्याची शिकार उभी राहते. झाडावरचे मचाण, खाली डबे बडवीत रान उठवणारे हाकारे, लवाजमा आणि शेवटी मेलेल्या वाघाशेजारचे छायाचित्र. या शिकारीत माणसे पुष्कळ असतात, पण सोबती नसतो. हाकारा हा सोबती नव्हे. तो मजूर असतो, आणि शिकारकथांत त्याचे नाव अनेकदा येतही नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी शिकारीचा साचा याहून वेगळा. त्यात दोन माणसे, दोन-तीन घोडी आणि मैलोगणती निर्मनुष्य माळ असतो. एकाचा घोडा लंगडला वा एकाचे धैर्य सुटले, तर दुसऱ्याचाही जीव टांगणीला लागतो. म्हणून अशा शिकारीच्या तयारीत काडतुसांइतकाच सोबत्याचा प्रश्न मोलाचा ठरतो. त्या दृष्टीने थिओडोर रूझवेल्टने १८८३ च्या सप्टेंबरात डकोटा प्रदेशात केलेली पहिली बायसन-शिकार पुन्हा वाचण्यासारखी आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाची ती कथा आहे, हे त्या वाचनाचे एक कारण. पण तेवढ्यासाठी नव्हे, तर तिच्यात विश्वास कसा घडत जातो हे टप्प्याटप्प्याने दिसते म्हणून.

रूझवेल्ट तेव्हा चोवीस वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या विधानसभेचा सदस्य, श्रीमंत घराण्यातला, लहानपणापासून दम्याने पछाडलेला. त्याची शिकारीची तयारी खरे तर पुस्तकांतून सुरू झाली होती. मेन रीडच्या साहसकथांवर त्याचे बालपण पोसले गेले. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याला पहिली बंदूक मिळाली. बरोबरच्या मुलांना दिसणारे लक्ष्य आपल्याला दिसतच नाही, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आले. मग चष्मा आला, आणि जगाला रेषा असतात हे त्याला प्रथमच कळले, असे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. महाविद्यालयीन वयात मेन राज्यातील बिल स्यूअल या अनुभवी वनवासीयाबरोबर त्याने अरण्यात भटकंती केली होती. भावाबरोबर पक्ष्यांची शिकारही झाली होती. पण पश्चिमेच्या उजाड माळावरची मोठ्या जनावराची शिकार अजून व्हायची होती.

गंमत अशी, की या शिकारीचा मूळ सोबती आयत्या वेळी गळाला. गॉरिंज नावाच्या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने न्यूयॉर्कमध्ये बॅडलँड्सच्या शिकारीची कल्पना त्याच्या डोक्यात भरवली होती. दोघांनी मिळून जायचे ठरले, आणि ऐन वेळी गॉरिंज मागे फिरला. रूझवेल्ट एकटाच नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेने लिटल मिसुरी या स्थानकावर अपरात्री उतरला. बेत होता, बंदुका होत्या, पैसा होता, सोबती नव्हता.

तो मिळाला जो फेरिस. कॅनडातील न्यू ब्रन्सविकहून आलेला, वयाने साधारण रूझवेल्टएवढाच. हा मनुष्य वाटाड्या म्हणून यायला मुळीच उत्सुक नव्हता, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. आसपासचे बायसन जवळजवळ संपले आहेत हे त्याला ठाऊक होते, आणि शहरातून आलेला हा चष्मेवाला पाहुणा किती टिकेल याचीही त्याला शंका होती. पुष्कळ मनधरणीनंतर तो तयार झाला. माझ्या मते फेरिसच्या विश्वासार्हतेचा पहिला पुरावा म्हणजे हा नकारच. जो वाटाड्या पैशाच्या आशेने चटकन होकार देतो, त्याला वाट तरी माहीत नसते किंवा धोका तरी. जो आधी अडचणी मोजतो, त्याच्या होकाराला वजन असते.

अविश्वास दोन्ही बाजूंनी होता. पहिला मुक्काम पडला तो फेरिसचा भाऊ सिल्व्हेन आणि बिल मेरिफिल्ड यांच्या माल्टीज क्रॉस या रँचवर. रूझवेल्टला स्वारीसाठी घोडा हवा होता, आणि अनोळखी माणसाला घोडा उसना द्यायला ते राजी नव्हते. त्या मुलुखात घोडा गमावणे म्हणजे पाय गमावणे. रूझवेल्टने वाद घातला नाही, हुद्दा सांगितला नाही. रोख पैसे मोजून एक घोडी विकत घेतली. शिकारीसाठी आणलेल्या जड बंदुकीचा घोडाही निघण्याआधी निकामी निघाला, आणि त्यासाठी गावातल्या एकाकडे उसनवारी करावी लागली. आडरानात निघायच्या तयारीचे मर्म या दोन घोड्यांत आहे असे म्हणता येईल. हत्यार चालते की नाही हे निघण्यापूर्वी पाहायचे असते, आणि दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशी सवलत त्याच्याकडे मागायची नसते. फेरिस सामानाची उघडी गाडी हाकीत निघाला, रूझवेल्ट घोडीवरून.

दक्षिणेस सुमारे पंचेचाळीस-पन्नास मैलांवर ग्रेगर लँग या स्कॉटिश गृहस्थाची झोपडी होती. तिथे तळ पडला आणि पाऊस लागला. चिकण माती इतकी निसरडी झाली की घोड्यांचे पाय ठरेनात. उघडीप होईपर्यंत थांबावे, असे फेरिस दररोज सुचवी. रूझवेल्ट दररोज निघायचाच आग्रह धरी. दोघे चिखलाने माखून रिकाम्या हाताने परतत. फेरिस जेवण होताच आडवा होई, आणि रूझवेल्ट लँगबरोबर राजकारणावर रात्र पडेपर्यंत बोलत बसे. लँगचा किशोरवयीन मुलगा लिंकन ते ऐकत असे. पुढे १९२६ मध्ये त्याने त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. या दिवसांतलाच एक लहानसा प्रसंग आहे. एका हरणावर रूझवेल्टचा नेम चुकला, आणि फेरिसने ते लांबच्या पल्ल्यावरून अचूक टिपले. पाहुण्याने हिरमुसून जाण्याऐवजी असा नेम आपल्याला साधावा म्हणून वाटेल ते देऊ, अशी मोकळी दाद दिली. पगारी वाटाड्याच्या कौशल्यापुढे मालकाने उघडपणे लहान होणे हे त्या काळच्या शिकारी सभ्यतेत सहज घडणारे नव्हते. फेरिसचे मत बदलायला सुरुवात झाली असेल तर ती इथे.

पुढचे दिवस परीक्षेचे होते. एका संध्याकाळी रूझवेल्टने एका बायसनला जखमी केले. पाठलागात थकल्या घोड्याने डोके उडवले, बंदूक कपाळावर आदळली आणि रक्ताने त्याचे डोळे भरले. रात्री पिण्यालायक पाणी नव्हते. एका डबक्यातला बुळबुळीत चिखलच काय तो मिळाला. घोडे खोगिरांना बांधून, खोगिरे उशाला घेऊन दोघे निजले, तोच लांडग्याच्या चाहुलीने घोडे बुजले आणि उशाच्या खोगिरांसकट पळाले. अंधारात त्यांचा माग काढावा लागला. दुसऱ्या रात्री पाऊस इतका झाला की जाग आली तेव्हा दोघे पाण्यातच पडलेले होते. त्या अवस्थेत रूझवेल्ट मौज वाटत असल्याचे पुटपुटला, असे फेरिस पुढे सांगत असे. संकटात सापडलेल्या दोघांपैकी एकाने कुरकुर केली नाही, तर दुसऱ्याचीही कुरकुर बंद होते. सोबतीचा हा नियम आडरानापुरता मर्यादित नसावा.

अखेर माँटानाच्या सीमेलगत एक बायसन पडला. रूझवेल्टने त्याच्याभोवती अक्षरशः नाच केला आणि फेरिसच्या हातावर शंभर डॉलर ठेवले. त्याच मुक्कामात त्याने सिल्व्हेन फेरिस व मेरिफिल्ड यांना गुरे घेण्यासाठी चौदा हजार डॉलरचा धनादेश दिला. काही दिवसांपूर्वी एक घोडा उसना न देणाऱ्या माणसांवर टाकलेला हा विश्वास होता. तो अनाठायी ठरला नाही. जो फेरिस पुढे मेडोरा गावात दुकानदार झाला आणि दोघांचा स्नेह टिकला.

इथे साहित्याच्या अभ्यासकाने थोडे थबकावे. ही हकिकत आपल्यापर्यंत पोचली ती तीन वाटांनी. रूझवेल्टचे स्वतःचे लेखन, म्हणजे १८८५ चे रँच-शिकारीवरील पुस्तक आणि १९१३ चे आत्मचरित्र, ही पहिली वाट. हर्मन हॅगडॉर्नने जुन्या रहिवाशांच्या आठवणी जमवून १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ ही दुसरी, आणि लिंकन लँगचे पुस्तक ही तिसरी. फेरिसने स्वतः पुस्तक लिहिले नाही. त्याचा नकार, त्याची शंका, पावसातले त्याचे वैतागणे हे सारे दुसऱ्याच्या लेखणीतून आले आहे. शिवाय ज्याच्याविषयी तो बोलला तो तोवर राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेला होता. चष्मेवाल्या पाहुण्याविषयीची मूळ नाराजी या उशिराच्या आठवणींत कितीशी सौम्य झाली असेल? तरीही आपल्याकडच्या अनामिक हाकाऱ्यांच्या तुलनेत फेरिस भाग्यवान. त्याला निदान नाव आहे, स्वभाव आहे, आणि नकार देण्याइतकी जागा आहे.

मात्र या कथेत तिसरा पक्षही आहे, आणि तो म्हणजे बायसन. (आपल्याकडचा गवा हा त्याचा दूरचा नातलग, दोन्ही एक नव्हेत.) रूझवेल्ट घाईने पश्चिमेला गेला, कारण बायसन संपत आले होते. संपण्यापूर्वी आपल्या वाट्याचा एक मिळावा ही त्या घाईमागची इच्छा होती, आणि ती आज वाचताना बोचते. कातडी-व्यापाऱ्यांनी बंदुका व रेल्वे यांच्या बळावर उत्तरेचा शेवटचा मोठा कळप त्याच सुमारास संपवला. लाकोटांसारख्या मूळ रहिवाशांचे अन्न, वस्त्र व निवारा त्याबरोबर गेले. रूझवेल्टच्या लेखनात या लोकांविषयी अनेक ठिकाणी तुच्छता आढळते. ती झाकण्याचे कारण नाही.

पण कथा तिथे थांबत नाही. १८८५ च्या पुस्तकावर जॉर्ज बर्ड ग्रिनेल या जाणकार संपादकाने टीका केली. लेखक शिकाऱ्यांच्या ऐकीव गोष्टींवर भोळेपणाने विसंबतो, असा तिचा रोख होता. रूझवेल्ट त्याला जाऊन भेटला, आणि त्या भेटीतून मैत्री व पुढे १८८७ मध्ये बून अँड क्रॉकेट क्लब उभा राहिला. शिकाऱ्यांच्या या मंडळाने यलोस्टोनमधील वन्यजीवांच्या रक्षणासाठी खटपट केली, आणि १८९४ मध्ये तसा कायदा झाला. रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष असताना, १९०८ मध्ये, माँटानात बायसनसाठी राखीव क्षेत्र स्थापन झाले. तेही फ्लॅटहेड येथील मूळ रहिवाशांच्या राखीव भूमीतून, त्यांच्या संमतीविना घेतलेले होते. २०२० च्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने ती जमीन सॅलिश व कूटनाय जमातींना परत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.

फेरिस, स्यूअल, ग्रिनेल हे तिघेही रूझवेल्टचे सोबती. एकाने अरण्य दाखवले, एकाने माळ, आणि एकाने त्याच्या लिहिण्यातली चूक. तिघांत साम्य एवढेच, की त्याच्या संपत्तीने वा नावाने कोणी दिपले नाही. आडरानात निघताना असा सोबती शोधावा, हे या इतिहासातून सहज निघते. आपण स्वतः कोणासाठी तसे सोबती ठरलो आहोत का, हा प्रश्न मात्र ज्याचा त्याने सोडवायचा आहे.