पाटणचा मठ आणि आकाशातील भास्कर

७ जून १९७९ या दिवशी व्होल्गा नदीच्या खालच्या खोऱ्यातील कापुस्तिन यार या सोव्हिएत प्रक्षेपणतळावरून भारताचा दुसरा उपग्रह आकाशात चढला, तेव्हा त्याचे बारसे करणाऱ्यांनी ‘भास्कर’ हे नाव ठेवून सातव्या शतकातील पहिला भास्कराचार्य व बाराव्या शतकातील दुसरा भास्कराचार्य अशा दोघांचेही स्मरण एकाच नावात साधले. पहिल्या भास्कराशी खानदेशाचे काही देणेघेणे नाही. दुसऱ्यावर मात्र या प्रांताचा हक्क आहे, आणि तो हक्क नुसत्या प्रांताभिमानावर नव्हे, तर चाळीसगावापासून पाच-सहा कोसांवर, डोंगराच्या कुशीतील पाटण येथे दगडावर कोरलेल्या सनदेवर उभा आहे.

आपला जन्म शके १०३६ मध्ये झाला आणि आपले गाव सह्यकुलाचलाच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे होय, एवढे भास्कराचार्याने स्वतःच सांगून ठेविले आहे. परंतु ते विज्जडविड नेमके कोणते, याविषयी विजापूरकर, खानदेशकर व मराठवाडेकर यांच्यात जो वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्याचा निकाल लागो वा न लागो, त्यात मला फारसे स्वारस्य वाटत नाही. थोर पुरुषाचे जन्मगाव हा बहुधा योगायोगाचा भाग असतो. त्याच्या विद्येला कोणी पोसले, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचा, आणि त्या प्रश्नाचे उत्तर पाटणच्या शिलालेखात विलक्षण तपशिलाने दिलेले आहे.

हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांच्या नजरेस आणला. पाटणादेवीचे, म्हणजे भवानीचे, काळ्या पाषाणाचे ताराकृती जोत्यावरील देऊळ, मागे डोंगराचे कडे, पावसाळ्यात त्यांवरून कोसळणारे पाणी आणि सभोवती दाट रान, असा हा देखावा. यात्रेकरू देवीची ओटी भरतो व परततो, आणि लेखाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या लेखात भास्कराचार्याच्या घराण्याची वंशावळ त्रिविक्रमापासून आरंभून महेश्वर, त्याचा पुत्र भास्कर, भास्कराचा पुत्र लक्ष्मीधर आणि लक्ष्मीधराचा पुत्र चंगदेव अशी उतरत आली आहे. लक्ष्मीधराची विद्वत्ता पाहून यादव राजा जैत्रपाल याने त्याला याच नगरातून आपल्या दरबारी नेले, आणि चंगदेव पुढे सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चंगदेवाने आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ व घराण्यातील इतर ग्रंथ यांचे अध्ययन चालावे म्हणून पाटणास मठ स्थापिला, आणि यादवांचा मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेव याने इ. स. १२०७ च्या श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी, त्या मठाला दान दिले.

ग्रहणाच्या वेळेचे गणित शिकविणाऱ्या मठाला ग्रहणाच्याच मुहूर्तावर दान मिळावे, हे समर्पक झाले. पण मला अधिक मोलाचा वाटतो तो लेखाचा शेवटचा भाग, जो संस्कृत सोडून एकदम जुन्या मराठीत उतरतो. वंशाची थोरवी सांगावयास देववाणी ठीक. परंतु पैसा कोठून यावयाचा हे सांगताना ज्यांच्याकडून तो वसूल व्हावयाचा त्यांना समजेल अशीच भाषा वापरणे भाग होते. पाटणच्या पेठेत जो माल विक्रीस निघेल त्यावर सरकारात जमा होणारा आकार मठाकडे वर्ग करावा, तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल मठाला पोचवावे, अशा जातीच्या त्या तरतुदी आहेत. ग्रहगणिताचा अभ्यास या देशात कोणाच्या खर्चाने चालला, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे पाटणापुरते उत्तर स्वच्छ आहे: गिऱ्हाइकाच्या पैशाने आणि तेल्याच्या तेलाने.

आणि याच उत्तरात मठाच्या अंताचे कारणही दडलेले आहे. स्थानिक मांडलिकाच्या मर्जीवर आणि एका कसब्याच्या बाजारहाटावर उभी असलेली नेमणूक तो मांडलिक व तो बाजार असेतोवरच चालावयाची. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीचे राज्य बुडाले, त्याच शतकाच्या उत्तरार्धात खानदेशावर फारुकी घराण्याचा अंमल बसला, सत्तेची ठाणी थाळनेर व बऱ्हाणपूर येथे गेली, आणि पाटण हळूहळू रानात बुडाले. ‘सिद्धान्तशिरोमणी’ जगला, कारण त्याच्या प्रती देशभर पसरल्या होत्या. मठ मात्र शिळेवरच राहिला.

मधल्या शतकांत आकाशाने खानदेशाची दखल घेतली नाही असे नाही. १८४३ साली पूर्व खानदेशात एदलाबादेजवळच्या मानेगावी आकाशातून दगड पडला. त्यातला मूठभरही नव्हे इतका अल्प अंश आज शिल्लक आहे, आणि त्याच्या घडणीवरून तो वेस्टा नामक लघुग्रहाच्या कुळातला समजला जातो. त्यानंतर नऊच वर्षांनी, १८५२ मध्ये, सावदा, यावल, एरंडोल या भागांतील रयत इंग्रजांच्या जमीनमोजणीविरुद्ध उठली, कारण साखळी घेऊन शेतात शिरलेला मोजणीदार आज जमीन मोजतो आणि उद्या दस्त वाढवितो, हा शेतकऱ्याचा अनुभव होता. सरकारने लष्कर आणून तो दंगा मोडला. याच तालुक्यांच्या जमिनीची मोजणी पुढे आकाशातून व्हावयाची होती, आणि तिला कोणी हरकत घेणार नव्हते.

स्वतंत्र भारताच्या अंतराळ-कार्यक्रमाचा आरंभ २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून सुटलेल्या एका लहानशा अमेरिकी अग्निबाणाने झाला, ही गोष्ट आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्या पहिल्या मंडळीत मराठी नावे थोडी नव्हती. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे विक्रम साराभाईंच्या अगदी निकटचे सहकारी. पुण्याचे प्रमोद काळे आरंभीच्या अभियंत्यांपैकी एक. आणि इंग्लंडातून परत आलेल्या वसंत गोवारीकरांनी घन इंधनाचे जे काम उभे केले, त्यावाचून पुढील प्रक्षेपकांचा विचारच संभवत नव्हता. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे शेती-शिक्षणाचे दूरदर्शन-कार्यक्रम सहा राज्यांतील २४०० खेड्यांत पोचविण्याचा जो प्रयोग झाला, त्याच्या उभारणीत चिटणीसांचा मोठा वाटा होता. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. सबब शेजारच्या मध्य प्रदेशात काही खेडी पडद्यासमोर बसली असता सातपुड्याच्या अलीकडील चोपडा-रावेरकडे नुसते आकाशच होते.

१९ एप्रिल १९७५ रोजी सुटलेल्या ‘आर्यभट’ उपग्रहाची विद्युत्‌व्यवस्था चार-पाच दिवसांतच बिघडून त्यावरील वैज्ञानिक प्रयोग बंद पडले. चार वर्षांनी ‘भास्कर’ गेला. पृथ्वीची पाहणी करण्यासाठी धाडलेला हा पहिला भारतीय उपग्रह. जमीन, जंगल व जलाशय टिपण्यासाठी दोन दूरदर्शन-कॅमेरे आणि समुद्र व वातावरणातील बाष्प जोखण्यासाठी सूक्ष्मतरंग-मापक अशी त्याची सामग्री. कॅमेऱ्यांना दिसणारा सर्वांत लहान ठिपका सुमारे एक किलोमीटरचा होता, म्हणजे भास्कराचार्याच्या नावाच्या या डोळ्याला पाटणचे देऊळ दिसण्याची सोय नव्हती. किंबहुना प्रारंभी त्याला काहीच दिसले नाही. कॅमेऱ्यातील उच्च दाबाच्या विजेच्या भागात, आत कोंडलेल्या वायूमुळे ठिणगी उडेल, अशी शंका उत्पन्न झाल्याने ते चालू करण्याचे धाडस होईना. भूमीवर असते तर पेटी उघडून पाहिली असती. येथे पेटी पाचशे किलोमीटरांहून उंच फिरत होती. तेव्हा शास्त्रज्ञांनी थांबावयाचे ठरविले. कोंडलेला वायू अवकाशाच्या पोकळीत हळूहळू निघून जाऊ दिला, आणि जवळजवळ वर्षानंतर, १९८० च्या मे महिन्यात, एक कॅमेरा चालू केला. तो चालला. सूक्ष्मतरंग-मापकाने तर त्याआधीच आपले काम सुरू केले होते.

ही युक्ती भास्कराचार्याला आवडली असती, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो अगदीच निराधार नाही. ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या यंत्राध्यायात गोल, चक्र, शंकू, फलक इत्यादी यंत्रांचे वर्णन करून झाल्यावर तो सर्वांत श्रेष्ठ ठरवितो ते धीयंत्र: हातात एक साधी काठी धरून, तिच्या टोकांवरून दूरच्या वेळूचा बुडखा व शेंडा वेधून, जागचे न हलता त्याचे अंतर व उंची काढणारी बुद्धी. दूरच्या वस्तूला हात न लावता तिचे माप घेणे हेच उपग्रहाचेही काम.

१९७९ चे ते वर्ष एकंदरीतच कसोटीचे होते. जूनमध्ये ‘भास्कर’ आंधळा राहिला. जुलैत केंद्रातील सरकार कोसळले. आणि १० ऑगस्टला श्रीहरिकोट्याहून सुटलेला पहिला स्वदेशी उपग्रह-प्रक्षेपक दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेतील बिघाडामुळे बंगालच्या उपसागरात पडला. प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते; पत्रकारांपुढे उभे राहून अपयशाची जबाबदारी घेतली ती मात्र संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन यांनी. पुढील वर्षी १८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या प्रक्षेपकाने ३५ किलोंचा ‘रोहिणी’ कक्षेत ठेविला, तेव्हा धवनांनी बोलावयास कलामांना पुढे केले. त्यानंतरचीही वाट सरळ नव्हती. २० नोव्हेंबर १९८१ ला दुसरा ‘भास्कर’ गेला, त्याच्या दोहोंपैकी एका कॅमेऱ्याने दगा दिला, तरी त्याने दोन हजारांवर छायाचित्रे पाठविली. १९८२ चा ‘इन्सॅट-१ए’ काही महिन्यांतच इंधनाअभावी निकामी झाला. १९८७ व १९८८ मध्ये वाढीव प्रक्षेपकाची दोन उड्डाणे लागोपाठ फसली. आणि पुढे ज्याच्या भरवशावर बराचसा कारभार चालला त्या ध्रुवीय प्रक्षेपकाचेही १९९३ चे पहिले उड्डाण समुद्रात गेले, दुसरे १९९४ मध्ये साधले.

अपयशांची ही यादी वाचून कोणाला वाटेल की या कार्यक्रमाचे रहस्य चिकाटीत आहे. चिकाटी होतीच, पण चंगदेवाच्या शिष्यांनाही ती नसेल असे मानण्याचे कारण नाही. फरक पडला तो नेमणुकीत. पहिल्या ‘भास्करा’च्या आंधळ्या वर्षात, समुद्रात गेलेल्या प्रक्षेपकानंतर, सरकारे बदलली तरी, खर्चाची तरतूद आटली नाही, आणि चुकलेल्या माणसांना कामावरून दूर न करता त्यांच्याच हाती पुन्हा तेच काम सोपविण्यात आले. गरीब देशाने हा खर्च का करावा, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई व आजही घेतला जातो. त्याला उत्तर चंद्रावर उतरण्याच्या अभिमानात शोधण्यापेक्षा तापीच्या खोऱ्यात शोधणे बरे.

१७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून ‘आयआरएस-१ए’ गेला. त्याला दिसणारा सर्वांत लहान ठिपका सुमारे छत्तीस मीटरांचा, आणि तो दर बावीस दिवसांनी त्याच जागेवर परत येई. महाराष्ट्र शासनाचे सुदूर संवेदन केंद्र नागपुरास स्थापन झाले ते याच वर्षी. अशा छायाचित्रांत खानदेशाची जमीन आपली अंतर्गत रचना उघडी करून दाखविते. धुळे जिल्ह्यात काळ्या खडकाच्या भिंती एकमेकींस समांतर अशा पूर्वपश्चिम दिशेने कोसोगणती धावतात. साक्रीपासून धुळ्यावरून पारोळ्यापर्यंत गेलेली एक तर सुमारे ऐंशी किलोमीटर लांब आहे. जमिनीवरून चालणाऱ्याला ती तुटक टेकाडांची रांग भासते, वरून ती एकच सलग रेघ दिसते. अशी भिंत भूमिगत पाण्याला कोठे अडविते, कोठे वाट देते, हे ज्याला कळले त्याने विहिरीची जागा निम्मी शोधली. उत्तरेस, जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याला डोंगरातून वाहून आलेल्या गोटे-वाळूचा ‘बझाडा’ पट्टा आहे. पाणी पिऊन घेण्यास याच्याइतकी योग्य जमीन विरळा. त्याच्याच खालच्या अंगाला यावल-रावेरच्या केळीने कूपनलिकांवाटे इतके पाणी उपसले आहे की पातळी वर्षानुवर्षे खोल चालली आहे. केळीची मोजदादही आता वरून होते. २०१४ साली सुरू झालेल्या ‘चमन’ या केंद्रीय प्रकल्पात उपग्रहाच्या साहाय्याने ज्या फळा-भाज्यांचा अंदाज बांधावयाचा त्यांत केळी आहे.

तेव्हा पाणी कोठे मुरेल हे ठाऊक आहे, कोठे आटले हेही ठाऊक आहे, आणि ही माहिती देण्याचे उपग्रहांचे काम पुरे झाले आहे. तापीचे पुराचे पाणी दोन्ही तीरांवरील कालव्यांनी नेऊन बझाडा पट्ट्यात मुरविण्याची महापुनर्भरण योजना अनेक वर्षे कागदावर राहिली, आणि तिच्यासाठी महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन राज्यांनी करारावर सह्या केल्या त्या २०२५ च्या मे महिन्यात. अपयश पदरात घेऊनही अंतराळ-कार्यक्रमाला मिळाली तशी अखंड नेमणूक या कालव्यांना मिळेल की नाही, हे खानदेशच्या लोकप्रतिनिधींना विचारण्याची वेळ आता आली आहे, आणि ते विचारण्याचे काम यावल-रावेरच्या शेतकऱ्यांनीच करावयास हवे.