शब्दवेध : उत्परिवर्तन

जून 2021मध्ये महाराष्ट्रात करोना विषाणूच्या ‘डेल्टा प्लस’ या बदललेल्या प्रकाराचे 21 रुग्ण जाहीर झाले, त्यांतले 9 एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले. ‘म्यूटेशन’ हा शब्द तेव्हा कोकणाच्या दारात येऊन ठेपला. त्याचा मराठी प्रतिशब्द ‘उत्परिवर्तन’. मुळाशी ‘वृत्’ हा संस्कृत धातू, म्हणजे फिरणे, वळणे. वर्तुळ, वर्तन, आवर्तन ही त्याचीच भावंडे. ‘परिवर्तन’ म्हणजे पालट. त्याआधी ‘उत्’ हा उपसर्ग लागला की चाकोरीबाहेर उसळलेला पालट. लॅटिन ‘मुतारे’ म्हणजेही बदलणेच. वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्रीस यांनी 1901पासून ‘म्यूटेशन’ आनुवंशिकतेच्या चर्चेत रुजवला.

डेल्टा प्लसमधला ठळक बदल केवढा? काटेरी प्रथिनाच्या 417व्या जागी लायसिन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅस्पॅराजिन, बस्स! विषाणू स्वतःच्या नकला काढताना अशा चुका होतच राहतात. बहुतेक वाया जातात, काही त्यालाच भोवतात; एखादीच तग धरते आणि पसरते. जीवसृष्टीतली विविधताही अशाच चुकांतून, निसर्गाच्या निवडीतून घडली. चुका आपल्याला थांबवता येत नाहीत, संसर्ग मात्र रोखता येतो. टळलेला प्रत्येक संसर्ग म्हणजे विषाणूच्या असंख्य नकलांची हुकलेली संधी.