ओतूरचे पत्र आणि आमच्या घरचा गोठा

दर वर्षी दहा मार्चला मी सावित्रीबाईंवर बोलतो. कधी जुन्नरला, कधी घोडेगावला, कधी एखाद्या बौद्धवाड्यातील समाजमंदिरात. पहिली शाळा, अंगावर पडलेले शेण, प्लेगात पाठीवर उचलून आणलेले महाराचे पोर. एवढ्यावर भाषण पुरे होते आणि टाळ्या पडतात. अशी भाषणे मी सलग दोन वर्षे केली, आणि त्याच दोन वर्षांत आमच्या घरातील एक म्हातारी बाई गोठ्यात दिवस काढीत होती. मला ते ठाऊक होते.

या लाजेने मला एका जुन्या पत्राकडे परत नेले. ते पत्र आमच्याच मुलखातले आहे. २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाईंनी ते जुन्नर तालुक्यातील ओतूरहून जोतीरावांना लिहिले. १८७६ साल सरले होते, दुष्काळ मात्र हटला नव्हता. नद्यानाले आटले होते, गुरे मरत होती, माणसे गाव सोडून चालली होती, कोणी पोटच्या मुली विकीत होते. हे सारे त्या पत्रात आहे आणि आपण ते हळहळत वाचतो. पण पत्राचा उत्तरार्ध आपल्या भाषणांत येत नाही. माझ्या मते खरे पत्र तिथे सुरू होते.

त्या वेळचे सरकार काय करीत होते, ते आधी पाहू. दुष्काळी कामे निघाली होती. सरकारचा प्रश्न एकच होता : तू काम करू शकतोस का? करू शकत असशील तर खडी फोड आणि मजुरी घे. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल याने ती मजुरीही दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इथवर खाली आणली. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे टाकून निघून गेले, ते याच कारणाने. ज्यांच्या अंगात घण उचलण्याचे बळ होते त्यांची ही गत. मग म्हाताऱ्यांचे, आंधळ्यापांगळ्यांचे, टाकलेल्या बायकांचे काय? ज्याचे श्रम विकत घेता येत नाहीत तो माणूस सरकारच्या हिशेबात शेवटी येतो, आणि पुष्कळदा येतच नाही.

सावित्रीबाई आणि सत्यशोधक मंडळी यांचा प्रश्न वेगळा होता. त्यांनी मदतीसाठी समित्या केल्या, अन्नाची सोय केली. एवढे कोणीही दयाळू मनुष्य करील. परंतु पत्रात त्या सावकाराकडे बोट दाखवितात. दुष्काळाचा फायदा घेऊन तो माणसांना कसे लुबाडतो आणि त्यातून दंगे कसे उसळतात, ते सांगतात. भूक आभाळातून पडली असेल, लुबाडणूक माणसाच्या हातची आहे, हा भेद त्यांनी केला. त्यानंतर पोलिसांनी पन्नास सत्यशोधकांना धरले. कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावले, तेव्हा त्यांनी अर्ज-विनंत्या केल्या नाहीत. आमच्या चांगल्या माणसांवर खोटे आळ का घेतले, असा जाब विचारला. माणसे सुटली आणि कलेक्टरने ज्वारीच्या चार गाड्या पाठविल्या. शूद्र गणलेल्या जातीतील एक स्त्री १८७७ साली गोऱ्या अधिकाऱ्यासमोर उभी राहून हिशेब मागते, याला मी निराधारांच्या संरक्षणाचा आरंभ मानतो. अन्न देणे हे अर्धे काम. त्या माणसाला निराधार कोणी केले, हे नाव घेऊन सांगणे हे उरलेले अर्धे.

हे त्यांना ओतुरात अचानक सुचले नव्हते. १८६३ साली फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे येणाऱ्या ब्राह्मण विधवांना दुष्काळाने घेरले नव्हते; त्यांना त्यांच्या स्वतःच्या घरांनीच घेरले होते. १८६८ च्या ऑगस्टमध्ये नायगावहून लिहिलेल्या पत्रात गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि त्याच्यापासून गरोदर राहिलेली सारजा ही महार मुलगी यांची हकीगत आहे. गाव दोघांना मारायला निघाला होता. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला आणि दोघांना पुण्याला जोतीरावांकडे धाडले. म्हणजे जुलूम करणारा कधी सावकार असतो, कधी गाव, तर कधी सख्खे घर. सावित्रीबाईंनी यांतल्या कोणालाही सूट दिली नाही.

आपण मात्र घराला सूट देतो. इथे मी माझ्या चुलतीची गोष्ट सांगतो.

आम्ही तिला नानी म्हणत असू. ती आंबेगाव तालुक्यातील एका गावी राही. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. वतने १९५९ साली खालसा झाल्यावर आमच्या हाडोळ्याचा जो तुकडा घराण्याच्या नावे राहिला, त्यात तिचा वाटा होता. ज्या वतनाला बाबासाहेबांनी गुलामीची बेडी म्हणून १९२८ पासून विरोध केला, त्या वतनाची ही जमीन. माझ्या थोरल्या भावाने हक्कसोडपत्रावर नानीचा अंगठा घेतला. पुढे तिची खाट गोठ्यात गेली. निराधार योजनेचे पैसे जमा होत, पण पासबुक भावाच्या पेटीत असे. सावकाराने १८७७ साली केले तेच हे. फक्त सावकाराचे आडनाव आमचे होते.

एका कचेरीत मी तोंडी चौकशी केली, तर उत्तर मिळाले : हा घरचा मामला आहे. मलाही ते उत्तर सोयीचे वाटले, आणि मी दोन वर्षे गप्प बसलो. मग कायदा वाचला. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. ज्याला मूल नाही असा म्हाताराही, त्याची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा वारसाने ज्याला मिळणार आहे, त्या नातेवाइकाकडे निर्वाह मागू शकतो. अर्ज प्रांतांच्या न्यायाधिकरणापुढे चालतो. वकील लावावा लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला टाकून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. जुन्नर-आंबेगावचे प्रांत मंचरला बसतात. नानीला घेऊन मी मंचरला गेलो.

तिथे ती म्हणाली, "पुतण्या वाईट नाही माझा. त्याला पोलिसात नका देऊ." हेच वाक्य किती सारजांनी, किती विधवांनी म्हटले असेल! जो मारतो त्याच्याच दाराशी मरायचे असते, म्हणून माणूस त्याची बाजू घेतो. शेवटी समेट झाला : नानीची खाट माजघरात आली, पासबुक तिच्या उशाखाली आले. जमीन मात्र परत आली नाही. कारण सांभाळण्याची अट कागदात लिहिलेली असेल, तर ती मोडल्यावर तो कागद रद्द करून मागता येतो. आमच्या कागदात अट नव्हती. अंगठा घेताना ती कोण लिहिणार? नानी पुढे दीड वर्ष जगली. भाऊ माझ्याशी बोलत नाही.

कार्यकर्त्यांना, शिक्षकांना, विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच. आपण गावाच्या अन्यायावर मोर्चे काढले, ते काढलेच पाहिजेत. पण आपल्या वाड्यात कोणाची खाट कुठे आहे, पासबुक कोणाच्या पेटीत आहे आणि अंगठा कशावर घेतला आहे, हेही विचारत चला. म्हातारीला एकटीला गाठून विचारा. घरच्यांसमोर ती खरे सांगणार नाही. आणि कागद होणारच असेल, तर अंगठा उठण्याआधी तिला सांभाळण्याची अट त्यात लिहवून घ्या.

येत्या दहा मार्चला मी भाषण करणार आहे. या वेळी शाळेपासून सुरुवात करणार नाही. ओतूरचे पत्र वाचीन आणि मग नानीची गोष्ट सांगेन, आमच्याच गावात, आमच्याच समाजमंदिरात, भाऊ समोर बसला असला तरी.