विमको नाका आणि पांढरा फॉस्फरस

अंबरनाथला विमको नाका म्हटलं की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. पण विमको म्हणजे काय, असं नातवंडांना विचारून बघा! वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आपली काडेपेटी.

मी बी.ए. मराठीचा, पण शिक्षक कमी म्हणून विज्ञानाचे तासही घ्यायचो. स्थायू, द्रव, वायू हा धडा पुस्तकात बर्फ, पाणी, वाफ यांवर उरकलेला असे. मी वर्गात काडेपेटी न्यायचो. काडीचं टोक पॅराफिनच्या वितळलेल्या मेणात बुडवलेलं असतं. गुल पेटला की ते मेण वितळतं, त्याची वाफ होते आणि पेटते ती वाफ. त्या ज्योतीवर मग लाकूड धरतं. मेण नसेल तर गुल फुर्रकन विझतो आणि काडी तशीच राहते.

पण खरी गोष्ट गुलाची आहे. एकोणिसाव्या शतकात त्यात पांढरा फॉस्फरस असे. तो 44 अंश सेल्सियसलाच वितळतो, म्हणजे विदर्भातली मे महिन्यातली दुपार पुरे. आणि न वितळताही त्याची थोडी वाफ होतच असते. कारखान्यात काम करणाऱ्या बायका-मुलांच्या पोटात आणि किडक्या दातांत ती वाफ जाई आणि जबड्याचं हाड कुजत जाई. 1888 साली लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या मुलींनी संप केला, त्यांच्या गाऱ्हाण्यांत हेही होतं.

गंमत अशी की उपायही उष्णतेनेच दिला. 1840 च्या दशकात व्हिएन्नाच्या अँटोन श्रोटर यांनी दाखवलं, की पांढरा फॉस्फरस हवा लागू न देता अडीचशे अंशांच्या आसपास तापवत ठेवला तर तो लाल होतो. लाल फॉस्फरसची वाफ सहज होत नाही, तो आपोआप पेटत नाही, विषारीही नाही. (याला अवस्थांतर म्हणू नये हं. आधी स्थायू, नंतरही स्थायूच. बदलली ती अणूंची बांधणी.) स्वीडनमध्ये तो गुलातून काढून पेटीच्या बाजूला लावला आणि सुरक्षित काडेपेटी झाली.

मग जबडे वाचले? छे! पांढरा स्वस्त पडे, काडी कुठेही घासली तरी पेटे. बर्नचा आंतरराष्ट्रीय करार व्हायला 1906 उजाडलं. आपल्याकडे बंदीचा कायदा आला 1913 मध्ये. उपाय ठाऊक असताना साठ वर्षं माणसं कुजू दिली, हे मला क्षम्य वाटत नाही.

अंबरनाथचा कारखाना या कायद्यानंतरचा, म्हणून इथल्या कामगारांच्या वाट्याला पांढरा फॉस्फरस आला नाही. 1922 साली परदेशी काडेपेट्यांवर ग्रोसला दीड रुपया जकात बसली, तेव्हा स्वीडिश कंपनीने इथेच काड्या करायचं ठरवलं आणि 1923 मध्ये विमको निघाली. त्या स्वीडिश साम्राज्याचा धनी इव्हार क्रॉयगर 1932 साली पॅरिसमध्ये गोळी लागून मेला, त्याचा डोलारा कोसळला. अंबरनाथला मात्र काड्या होतच राहिल्या.

आणि एक. आपण काडी घासतो तेव्हा त्या घर्षणाच्या उष्णतेने पेटीवरच्या लाल फॉस्फरसचा एक कण क्षणभर पुन्हा पांढरा होतो. काडी पेटते ती त्यामुळेच.