पाकिटातलं रामेन, वाडग्यातलं रामेन आणि आजीचा पापडखार

लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल तर जरा आत सरका, मग ऐका. आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण लढाई, तह, किल्ला यातलं काही नाही. आज नूडल्स.

सुरुवात माझ्या ब्लडप्रेशरपासून करावी लागेल. गेल्या वर्षी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये मशीनवर १४८/९६ असा आकडा आला. नर्सने पाच मिनिटं शांत बसवलं, पुन्हा पट्टा बांधला, तरी तेच. वय २८. बाबा रोह्याला असतात, त्यांची गोळी चाळिशीत सुरू झाली. आपलाही नंबर लागणार हे माहीत होतं, पण रांग इतकी लहान असेल असं वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, रात्री काय खाता? मी खरं सांगून टाकलं. रिलीज असलं की रात्री साडेअकराला नूडल्सची दोन पाकिटं. आणि आमच्याकडे रिलीज दर आठवड्याला असतं.

हे टीममधल्या एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "पाकीट सोड रे, नुसतं केमिकल आहे ते. खरं रामेन खा. बारा तास हाडं उकळून सूप करतात, एकदम हेल्दी." आणि मला मुंबईत एका जपानी हॉटेलात घेऊन गेला. एक वाडगा सातशे रुपये. चवीबद्दल खोटं बोलणार नाही, पहिल्या घोटाला मी गप्प झालो. जाडसर, थोडं चिकट, जिभेवर रेंगाळणारं सूप. पाकिटाची चव झटकन येते आणि झटकन जाते. ही जात नव्हती. पण घरी आल्यावर रात्रभर तहान लागत होती. तीन वेळा उठून पाणी प्यायलो. इंजिनिअर माणूस, लॉग दिसला की बग शोधायला बसतो. तसा मी वाचायला बसलो.

पहिला धक्का हा की "खरं रामेन" हेच मुळात फास्ट फूड होतं. गव्हाच्या शेवया रश्शात घालायची पद्धत चीनमधून जपानला गेली. १९१० साली तोक्योच्या असाकुसा भागात राइराइकेन नावाचं दुकान निघालं. मालक जपानी, आचारी योकोहामाच्या चिनी वस्तीतून आणलेले. असाकुसा म्हणजे नाटकं, सिनेमे, गर्दीचा भाग. तिथे पटकन मिळणारं, स्वस्त, पोटभर खाणं विकलं जायचं. आपल्या वडापावच्या जवळचं. सातशे रुपयांची ऐट फार नंतरची.

आता या शेवया साध्या शेवयांपेक्षा वेगळ्या का लागतात? पिवळसर, चिवट, ओढल्या तर रबरासारख्या. कणकेत कान्सुई नावाचं खारं पाणी घालतात म्हणून. कान्सुई म्हणजे सोडियम आणि पोटॅशियमचे कार्बोनेट क्षार. हे वाचत होतो तेव्हा मी पेणला आजीकडे होतो, म्हणजे आईच्या आईकडे. मी सहज मोठ्याने वाचलं, तर आजी म्हणाली, "पापडखारच की रे तो."

मी गुगल केलं. आजी बरोबर होती. पेणची बाई, पापडाबद्दल तिला काय शिकवणार? उडदाच्या पिठात पापडखार घातला की पीठ चिवट होतं, लाटी पातळ लाटली तरी फाटत नाही, तळल्यावर पापड फुलतो. त्यातही मुख्य काम कार्बोनेटचंच. कणीक वेगळी, देश वेगळा, युक्ती तीच. घरी करून बघायचं असेल तर साधी स्पॅगेटी चमचाभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यात उकळा. रंग पिवळा होतो, दाताखाली रामेनसारखी लागते. मी करून बघितलंय. वास थोडा साबणासारखा येतो, तेवढं सहन करा.

दुसरा टप्पा युद्धानंतरचा. जपानमध्ये अन्नाची टंचाई, मदतीच्या रूपाने आलेला अमेरिकन गहू, आणि ओसाकाच्या काळ्या बाजारात नूडल्सच्या टपरीपुढे थंडीत उभ्या असलेल्या रांगा. ही रांग मोमोफुकू आंदो या माणसाच्या डोक्यात बसली. जन्म १९१०चा, तैवानमधला, म्हणजे राइराइकेनच्याच वयाचा. धंद्यात बुडाला होता, वय पन्नाशीकडे झुकलेलं. ओसाकाजवळच्या इकेदा गावात घरामागे एक खोपटं बांधलं आणि प्रयोग सुरू केले. शेवया टिकाऊ हव्यात आणि गरम पाणी ओतलं की लगेच तयार व्हायला हव्यात, एवढीच अट. तो स्वतः सांगायचा की बायको तेम्पुरा, म्हणजे त्यांची भजी, तळताना बघून उत्तर सुचलं. शेवया आधी वाफवायच्या, मग तेलात तळायच्या. तळताना आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि मागे बारीक बारीक छिद्रं राहतात. नंतर गरम पाणी त्याच छिद्रांतून आत शिरतं. २५ ऑगस्ट १९५८ ला "चिकन रामेन" बाजारात आलं. किंमत ३५ येन, तेव्हा ताज्या उदोन शेवयांचा गुंडा ६ येनला मिळायचा! म्हणजे त्या दिवशी पाकीट ही चैन होती. कप नूडल्स १९७१ मध्ये आले.

हे सगळं आजीला रंगवून सांगितलं. ती पोहे निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग पोह्यांचं काय वेगळं असतं?"

खरंच काय वेगळं असतं? आमच्या पेण-रोह्याकडे पोह्यांच्या गिरण्या जुन्या. भात भिजवतात, भट्टीत भाजतात, गरम असतानाच चेपतात. उष्णतेने दाण्यातलं पिष्ट आधीच शिजतं. म्हणून पोहे नुसते भिजवले तरी खाता येतात. आधी शिजव, मग वाळव, नंतर फक्त पाणी दाखव. आंदोने नवीन काय केलं तर तेल आणलं. सुदाम्याच्या पुरचुंडीत इन्स्टंट फूडच होतं असं मी म्हटल्यावर आजीने डोळे वटारले, तो विषय तिथेच सोडू.

भारतात ही शेवई आली ती स्वित्झर्लंडच्या नावाने. युलियुस मागी हा तिकडचा गिरणीवाला. १८८०च्या दशकात कारखान्यात राबणाऱ्या बायकांना स्वयंपाकाला वेळ नाही, म्हणून त्याने डाळींच्या पिठाचं झटपट सूप काढलं. १९४७ मध्ये त्याची कंपनी नेस्लेत गेली, १९८३ मध्ये दोन मिनिटांची मॅगी आपल्याकडे आली. आणि २०१५ तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. मी नुकताच बारावी झालो होतो. उत्तर प्रदेशातल्या एका नमुन्यात शिसं मर्यादेपेक्षा जास्त सापडल्याचा अहवाल आला, मर्यादा २.५ पीपीएम आणि अहवालात १७.२. ५ जूनला एफएसएसएआयने देशभर बंदी घातली. रोह्याच्या दुकानांतून पिवळी पाकिटं एका आठवड्यात गायब. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. १३ ऑगस्टला न्यायमूर्ती कानडे आणि न्यायमूर्ती कुलाबावाला यांच्या खंडपीठाने बंदी रद्द केली. कारण असं की कंपनीची बाजू नीट ऐकली नव्हती आणि चाचण्या योग्य मान्यता असलेल्या प्रयोगशाळांत झाल्या नव्हत्या. मोहाली, जयपूर आणि हैदराबादच्या प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी झाली, शिसं मर्यादेत निघालं, नोव्हेंबरमध्ये मॅगी परत आली.

त्या सहा महिन्यांत सगळा देश शिशाबद्दल बोलला, थोडाफार अजिनोमोटोबद्दल. मिठाबद्दल फारसं कुणी बोललं नाही. माझी रात्रीची तहान मात्र मिठाची होती.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा. जपानचा साधा कप नूडल सूपासकट संपवला तर जवळपास तेवढं एका बैठकीत होतं. बरं, मग हॉटेलचं रामेन? इथे मित्राचा दावा कोसळतो. बारा तास उकळलेलं हाडांचं सूप जवळजवळ अळणी असतं. वाडग्याच्या तळाशी आचारी आधी "तारे" नावाचा गडद अर्क घालतो. मीठ, सोया सॉस किंवा मिसो यांचा. त्यावर सूप ओततो. म्हणजे पाकिटात जी मसाल्याची पुडी असते, तीच भूमिका. पूर्ण वाडगा प्यायलात तर मीठ पाकिटाइतकंच, बऱ्याचदा जास्त.

पाकिटाला निर्दोष सोडत नाहीये. तळलेला मैदा, पाम तेल, प्रथिनं नावापुरती. वाडग्यात निदान अंडं, मांस, पातीचा कांदा असतो. दक्षिण कोरियातल्या १०,७११ प्रौढांच्या माहितीवरून २०१४ मध्ये एक अभ्यास आला. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त इन्स्टंट नूडल्स खाणाऱ्या बायकांमध्ये मेटाबॉलिक सिंड्रोम जास्त आढळला, पुरुषांत तसा फरक दिसला नाही. नूडल्समुळेच झालं असं हा अभ्यास सिद्ध करत नाही, पण मी दुर्लक्ष करणार नाही.

पण मला सापडलेला खरा बग वेगळाच आहे. जपानी कपावर शेवयांतलं मीठ आणि सूपातलं मीठ वेगवेगळं छापतात. निम्म्याहून जास्त सूपात असतं. तिकडे माणूस शेवया खाऊन सूप वाडग्यात ठेवू शकतो. आणि आपण? आपण मॅगी आटवतो. पाणी पार आटेपर्यंत गॅसवर ठेवतो, "सुकी" झाली की खूष. सोडायला वाडग्यात काही उरतच नाही. पुडीतला कण न कण पोटात जातो. गेली कित्येक वर्षं मी दोन पुड्या अशाच आटवून खात होतो.

आता मी शेवया वेगळ्या उकळतो, ते पाणी फेकतो, दोन पाकिटांऐवजी एक, त्यात अर्धी पुडी, वर अंडं आणि कोबी. चव कमी होते, खोटं कशाला बोलू. गेल्या महिन्यात आकडा १३४/८६ होता. रोज चालायलाही लागलोय, त्यामुळे सगळं श्रेय नूडल्सना देत नाही.

हा सगळा हिशेब मी मागच्या रविवारी रोह्याला बाबांना जेवताना सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. मग पेणहून आलेल्या डब्यातला तिसरा पापड उचलला आणि म्हणाले, "यात किती असतं रे मीठ?" आईने डबा उचलून फळीवर ठेवला.