अमली पदार्थ कट-खटल्यातील अपील (अमेरिका)

अमली पदार्थांच्या व्यापाराचा कट केल्याबद्दल अमेरिकेच्या संघीय न्यायालयात झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध वा शिक्षेविरुद्ध वरच्या न्यायालयात दाद मागण्याची प्रक्रिया. निकाल नोंदला गेल्यापासून १४ दिवसांत अपिलाची नोटीस द्यावी लागते; प्रकरण मग सर्किट न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांपुढे जाते.

तिथे ना साक्षीदार येतो, ना ज्युरी बसते. भारतात पहिल्या अपिलात उच्च न्यायालय पुरावा नव्याने तोलू शकते. अमेरिकेत १९७९च्या जॅक्सन निकालापासून प्रश्न एवढाच विचारला जातो : पुरावा सरकारच्या बाजूने वाचला तर कोणत्याही समंजस ज्युरीला आरोपी दोषी ठरवता आला असता का? त्यातून कटाचा गुन्हा शाबित करणे सोपे. संगनमत दिसले की पुरे, त्यापुढे एखादी कृती घडल्याचे दाखवावे लागत नाही, हे १९९४च्या शबानी खटल्यात ठरले. त्यामुळे ‘पुरावा अपुरा’ हा मुद्दा क्वचितच टिकतो, आणि मुरलेले वकील त्यावर फारशी भिस्त ठेवत नाहीत. ते बेकायदा झडती, ज्युरीला दिलेल्या सूचना आणि मालाचे वजन यांवर बोट ठेवतात. वजन का, तर पाच किलो कोकेन ठरले की किमान दहा वर्षांची कैद ठरलेलीच. किमान शिक्षा वाढवणारी अशी बाब न्यायाधीशाने परस्पर ठरवू नये, ती ज्युरीपुढे सिद्ध व्हावी, असे २०१३च्या अलेन निकालाने सांगितले.

अपील जिंकले म्हणजे सुटका झाली, असे मात्र नव्हे. वॉशिंग्टनमधील नाइटक्लबचा मालक अँटोइन जोन्स याला कोकेनच्या कटात जन्मठेप झाली होती. पोलिसांनी त्याच्या पत्नीच्या नावावरील जीपला जीपीएस लावून २८ दिवस माग काढला. वॉरंट वॉशिंग्टनपुरते आणि दहा दिवसांचे. यंत्र बसले अकराव्या दिवशी, तेही शेजारच्या मेरिलंडमध्ये! २०१०मध्ये सर्किट न्यायालयाने त्याची दोषसिद्धी रद्द केली. सहआरोपीची मात्र कायम राहिली. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एकमताने जोन्सच्या बाजूने कौल दिला. तरी सरकारने त्याच्यावर पुन्हा खटला चालवला. या वेळी पुरावा होता मोबाइल टॉवरच्या नोंदींचा, आणि जोन्स स्वतःच आपली बाजू मांडत होता. ज्युरीचे एकमत झाले नाही. अखेर २०१३मध्ये त्याने गुन्हा कबूल करून १५ वर्षांची शिक्षा पत्करली.